न मिटणारी

तोफज्जल शिंपी विचारतो, खिसा किती खोल?
मी वीत दाखवतो, वर दोन बोटं.
आतून शिडाचं कापड लाव म्हणतो,
नाहीतर दोन महिन्यांत टोक बाहेर येतं
आणि मांडीला विचारत बसतं, कोण तू?

सुरी आहे. चाकू नव्हे, चाकू मिटतो.
हिला बिजागरी नाही,
मीठ जाऊन बसेल अशी फटच नाही.
दाभोळच्या पांचाळाने एस्टीच्या तुटक्या पाट्यातून काढली,
मूठ शिवणीच्या लाकडाची.
म्यान माझं मी केलं:
निळा पाइप स्टोव्हवर मऊ करून
बुटाखाली दाबला.

हिच्यासकट बसायला शिकावं लागतं.
मांडी घालता येत नाही.
उजवा पाय लांब, जरा बाजूला,
लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखा.
जेवताना सगळे ओरडतात, होडेकर, पाय आवर.

सूर नावाच्या गावात सुरी घेऊन फिरतो
हा विनोद सांगणार कुणाला?
खोलीत सहा जण, पाच भाषा.

निघताना आई म्हणाली होती,
सोन्याची झाली तरी सुरी उरात खुपसून घेऊ नको.
ती आखाताबद्दल बोलत होती.
मी ऐकलं. उरात नाही.
मांडीला ठेवली.

काम म्हणाल तर
पंख्यात गुंतलेला तंगूस.
गेदराच्या गळ्याखाली एक रेघ.
बर्फाच्या गोणीची शिवण. कधी कलिंगड.
एकदा अंधारात मोफिजच्या घोट्याला दोराचा फास बसला
आणि जाळं त्याला घेऊन निघालं.
उघडायला काही नव्हतं, म्हणून वेळ गेला नाही.
हात खिशात गेला तो कापूनच थांबला.
दुसऱ्या दिवशी त्याने मला दोन अंडी उकडून दिली.
त्यावर आम्ही बोललो नाही.

नाखुदा हमूद ईदला खंजीर बांधतो,
चांदीचा, वाकडा, पोटाच्या बरोबर मध्ये.
नाखुदा म्हणजे आमचा नाखवा.
हा शब्द कधीचाच ये-जा करतोय,
त्याला कुणी व्हिसा विचारला नाही.
मी विचारलं, याने कधी काही कापलंय?
हमूद हसला. आजोबांनी, एकदा, खजूर.

परवा कार्डाची मुदत संपली.
अंघोळ केली, अत्तर लावलं,
पँट तीच.
दारातली चौकट किंचाळली तेव्हा आठवलं.
पोलीस कोवळा, मिशी नुकती फुटलेली.
हे काय?
समक, म्हणालो मी. मासे.
त्याने म्यान नाकाशी नेलं,
आणि पटलं त्याला.
सुरी ट्रेमध्ये गेली, मला बिल्ला मिळाला, एकेचाळीस.
त्याच्या मागे भिंतीवर राज्याचं चिन्ह,
दोन तलवारी, मध्ये खंजीर.
आमच्यात म्हणतात, एका म्यानात दोन राहत नाहीत.
भिंतीवर तीन नांदत होत्या.

आत खुर्चीवर बसलो.
खिसा रिकामा, तरी पाय लांबच.

निजाम अब्बास हुदीकार!
काचेवर अंगठा. पुन्हा. जोरात दाबा.
मशीन नाही म्हणतं.
बाईंनी स्पिरिटचा बोळा दिला. तर्जनी. मधलं. नाही.
रेषा कुठे गेल्या तुमच्या?
काय सांगू. काही तंगूसाने नेल्या,
काही मिठाने,
उरलेल्या त्या मुठीवर असतील,
तिकडे, ट्रेमध्ये.
शेवटी डाव्या हाताची करंगळी चालली,
जिने आयुष्यात काही धरलेलं नाही.
तिच्यावर आता मी दोन वर्षं इथला.

बाहेर येऊन बिल्ला दिला.
त्या पोराने सुरी उचलली,
पातं स्वतःकडे फिरवलं,
मूठ माझ्याकडे.
हे कुठल्या हुकुमात लिहिलेलं नसतं,
घरी कुणीतरी शिकवलेलं असतं.

बसमध्ये जागा होती.
मी उभाच राहिलो बंदरापर्यंत.